पहिलीचा वर्ग



अनुताई वाघ यांच्या स्मृतीनिमित्त होणाऱ्या या व्याख्यानात प्राथमिक शाळेतल्या वाचन-लेखन-गणिताविषयी बोलावे, अशी संयोजकांची सूचना होती. विषय अनुताईंच्या कामाला धरूनच आहे. १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई बोर्डीला गेल्या, तेव्हा माँटेसरी पद्धत शहरातल्या ऐपतदार घरांपुरती होती. तिची साधने महाग होती. या दोघींनी शंख-शिंपले, बिया, पाने आणि खडे यांतून साधने केली. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळा त्यांच्या अंगणात नेली. १९५७ मध्ये केंद्र कोसबाडच्या टेकडीवर आले आणि गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणातही गेली. १९७५ मध्ये सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा ‘अंगणवाडी’ हे नाव या कामातूनच देशभर गेले.

ताराबाई राजकोटच्या अध्यापिका विद्यालयाच्या प्राचार्य राहिलेल्या, भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या. त्या कोणत्याही महाविद्यालयात शोभल्या असत्या. त्यांनी आपली सारी बुद्धी गावातल्या सर्वांत लहान मुलांवर खर्च केली. आपल्या व्यवस्थेने मात्र उलटी रीत धरली आहे. पहिली-दुसरीचा वर्ग हा शाळेतला सर्वांत अवघड वर्ग आहे आणि आपण त्याला सर्वांत सोपा समजतो. आज मला एवढेच सांगायचे आहे. बाकीचे सारे त्याचा पुरावा म्हणून येईल.

दाखल्यापर्यंतची लढाई

१८८२ मध्ये जोतीराव फुले यांनी शिक्षणविषयक हंटर आयोगाला निवेदन दिले. शेतकऱ्यांच्या श्रमांतून सरकारी महसूल उभा राहतो आणि शिक्षणाचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो, हा त्यातला मुख्य आक्षेप होता. वरच्यांना शिकवले की विद्या आपोआप खाली झिरपेल, ही समजूत त्यांनी खोडून काढली. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली. एवढ्यावर ते थांबले नाहीत. प्राथमिक शाळेत काय शिकवावे, हेही त्यांनी लिहिले: मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, शेतीची व आरोग्याची माहिती. शिक्षक प्रशिक्षित असावेत आणि त्यांना पुरेसे वेतन मिळावे, हाही आग्रह त्यात आहे.

पुढचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संपूर्ण बडोदे संस्थानात नेला. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात विधेयक मांडले. पुढच्या वर्षी ते फेटाळले गेले. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी करवीर संस्थानात मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. देशभराच्या मुलांना हा हक्क कायद्याने मिळायला १ एप्रिल २०१० हा दिवस उजाडावा लागला.

मुलाचे नाव पटावर येण्याची लढाई आपण जवळपास जिंकली आहे. ग्रामीण भारतातल्या ६ ते १४ वयोगटातल्या पटनोंदणीचे प्रमाण ‘असर’ पाहणीनुसार गेली जवळजवळ वीस वर्षे ९५ टक्क्यांच्या वर आहे. २०२४ मध्ये ते ९८.१ टक्के होते. त्याच पाहणीत तिसरीच्या मुलांपुढे दुसरीच्या पातळीची एक साधी गोष्ट ठेवली, तेव्हा ती वाचू शकली २७.१ टक्के मुले. हातच्याची दोन अंकी वजाबाकी जमली ३३.७ टक्क्यांना.

या आकड्यांकडे पाहून दोन टोकांच्या प्रतिक्रिया येतात. सरकारी शाळा बुडाल्या असे काही जण म्हणतात, तर पाहणीच खोटी असे दुसरे. दोघांनी थोडे मागचे आकडे पाहावेत. वाचनाचे हे प्रमाण २०१८ मध्ये २७.३ टक्के होते, कोरोनाच्या टाळेबंदीनंतर २०२२ मध्ये २०.५ वर घसरले आणि दोन वर्षांत पुन्हा वर आले. नुसत्या सरकारी शाळांचा हिशेब केला, तर १६.३ वरून ते २३.४ वर गेले, म्हणजे २०१८ च्या २०.९ टक्क्यांच्याही पुढे. मधल्या काळात, ५ जुलै २०२१ रोजी, ‘निपुण भारत’ अभियान सुरू झाले होते आणि तिसरीच्या अखेरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता व हिशेब करता यावे, हे देशपातळीवर उद्दिष्ट म्हणून मांडले गेले होते. सगळे श्रेय एका अभियानाला देता येणार नाही. मात्र खालच्या वर्गांकडे लक्ष वळले की सरकारी शाळा हलतात, एवढे त्यातून दिसते.

न वाचणारे मूल वर्गात काय करते?

ते दंगा करत नाही. फळ्यावरचे उतरवून घेते. त्याच्या वह्या भरलेल्या असतात आणि अक्षर बरेचदा वळणदार असते. वहीतल्या एखाद्या ओळीवर बोट ठेवून ‘हे काय लिहिलंस रे?’ असे विचारले की ते गप्प होते. तिसरीपासून परिसर अभ्यासाचे पुस्तक मूल वाचते असे गृहीत धरते, चौथीत गणिताची शाब्दिक उदाहरणे तेच गृहीत धरतात. त्यामुळे वाचनात मागे पडलेले मूल वर्षभरात सगळ्याच विषयांत मागे पडते. पुढे त्याच्याबद्दल ‘याचं लक्षच नसतं’ असे शेरे येतात. जे समजत नाही त्याकडे लक्ष देत बसणे पाच तास कोणाला जमेल?

ही परिस्थिती का येते, हे समजून घेण्यासाठी मराठी वाचायला शिकणे म्हणजे नेमके काय, ते पाहायला हवे.

वाचन: वर्णमालेचा क्रम आणि शिकण्याचा क्रम

आपली वर्णमाला ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने अतिशय सुघड आहे. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य अशी मांडणी जगात फार थोड्या लिपींना लाभली. परंतु हा क्रम वर्णांचे वर्गीकरण करणाऱ्यांनी केला, सहा वर्षांच्या मुलासाठी तो केलेला नाही. क, ख, ग, घ झाले की पाचवा येतो ङ. त्याने सुरू होणारा एकही शब्द मुलाला माहीत नसतो. शिवाय इंग्रजीत सव्वीस अक्षरे ओळखली की एक टप्पा पार होतो, तसे देवनागरीत होत नाही. तीसहून अधिक व्यंजने आणि प्रत्येकाची बाराखडी धरली तर चारशेच्या आसपास चिन्हे होतात, जोडाक्षरे वेगळीच. कन्नड मुलांवरच्या सोनाली नाग यांच्या संशोधनातून दिसले, की अशा लिपीतल्या सगळ्या अक्षरचिन्हांवर हुकमत यायला पहिलीनंतरही काही वर्षे जातात. मराठी शिक्षकांचा अनुभव याहून वेगळा नाही.

आपली रूढ पद्धत काय करते? आधी सगळी मुळाक्षरे, मग काना, मग वेलांट्या, उकार, मात्रा. परिणामी कित्येक महिने मुलाला कानामात्रा नसलेलेच शब्द वाचायला मिळतात. ‘मगन, भरभर चल’ असली वाक्ये कोणत्या घरात बोलतात? काना आणि वेलांटीवाचून मुलाला ‘मी’ लिहिता येत नाही, ‘आजी’ लिहिता येत नाही, स्वतःचे नावही बहुधा येत नाही. वाचन म्हणजे कोणीतरी आपल्याशी काही बोलते आहे, हा शोध त्याला लागतच नाही. त्याच्या लेखी वाचन म्हणजे चिन्हांचा उच्चार.

फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी प्रगत शिक्षण संस्थेच्या कामातून यावर एक साधा उपाय रुजवला. थोडीच अक्षरे निवडायची, त्यांच्याबरोबर एखादे स्वरचिन्हही पहिल्यापासूनच घ्यायचे आणि तेवढ्यातून अर्थपूर्ण शब्द व वाक्ये लगेच वाचायला द्यायची. क, म, न, ल, र आणि काना एवढ्या शिदोरीवर ‘मला’, ‘कान’, ‘काका’, ‘नाक’, ‘मामा’ असे मुलाच्या बोलण्यातले शब्द पहिल्या काही आठवड्यांत हाती येतात. अक्षरगटाची ही कल्पना पुढे अनेक शिक्षकांनी आणि पाठ्यपुस्तकांनीही कमीअधिक स्वीकारली.

मात्र अक्षरगट हा अर्धाच उपाय आहे. पालघर जिल्ह्यातला वाडा परिसर आणि कर्नाटकातला यादगीर इथे शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिली ते तिसरीच्या मुलांचा काही वर्षे पाठपुरावा केला. लिपी शिकवण्यातच वर्गाचा बहुतेक वेळ जातो आणि गोष्ट ऐकणे, तिच्यावर बोलणे, मनातले कागदावर उतरवणे या गोष्टींना जागाच राहत नाही, हे त्यातून पुढे आले. वाड्याजवळ सोनाळे येथे ‘क्वेस्ट’ संस्थेने नीलेश निमकर यांच्या पुढाकाराने शिक्षकांबरोबर जे काम केले, त्याचा भर नेमका इथे आहे. शिक्षिका रोज एक गोष्ट वाचून दाखवते. मुले चित्र काढतात आणि त्याखाली जमेल तसे लिहितात. त्यातली चूक लगेच लाल शाईने खोडली जात नाही.

पालघरचा उल्लेख आला म्हणून घरच्या भाषेविषयी बोलतो. वारली, कातकरी, कोरकू, गोंडी, भिली, पावरी, गोरमाटी बोलणारे मूल पहिल्या दिवशी वर्गात येते ते रिकाम्या हाती येत नाही. त्याच्याकडे पाच-सहा वर्षांची भाषा असते. त्याने पहिले वाक्य उच्चारताच ‘असं नाही, नीट बोल’ म्हटले, तर ते पुढे महिनोन्‌महिने बोलत नाही. न बोलणारे मूल वाचायला शिकणे फार कठीण. हे फक्त आदिवासी भागापुरते नाही. ‘शुद्ध’ बोलण्याचा हट्ट अहिराणी, मालवणी किंवा झाडीबोली बोलणाऱ्या मुलालाही तितकाच गप्प करतो. प्रमाण मराठी त्याला शिकवायचीच आहे. ती त्याच्या बोलीच्या आधाराने शिकवायला हवी.

संख्या: सत्तावीस आणि बहात्तर

आता गणित. सत्तावीस लिहायला सांगितले की पहिली-दुसरीतली पुष्कळ मुले ७२ लिहितात. त्यात त्यांचा काय दोष? आपण बोलताना आधी सात म्हणतो, नंतर वीस. लिहिताना आधी दोन, मग सात. एकोणतीसमध्ये तर ना दोन ऐकू येतात ना नऊ. ऐकू येतो तो तीस. एक ते शंभरमधले जवळजवळ प्रत्येक नाव मराठी मुलाला सुटे पाठ करावे लागते. तेलुगू, कन्नड, तमिळ या भाषांत वीसनंतरच्या संख्या दशक आधी आणि एकक मागाहून अशा बोलतात. ऐकण्याचा आणि लिहिण्याचा क्रम एकच राहतो.

२०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस सात – सत्तावीस’ अशी दोन्ही वाचने छापली गेली, तेव्हा काय गहजब झाला ते आठवते. मराठी बुडाली अशी हाकाटी झाली. विधानसभेत विनोद झाले, समाजमाध्यमांवर आठवडाभर चेष्टा चालली. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर शांतपणे सांगत राहिल्या, की जुनी नावे काढलेली नाहीत, मुलाला संख्या कळायला आणखी एक वाट दिली आहे. बदलाबद्दल प्रामाणिक मतभेद असू शकतात. माझे मत असे, की दोन्ही नावे शेजारीशेजारी चालावीत आणि त्याआधी मुलाच्या हाताने दहा-दहा काड्यांचे गठ्ठे बांधले जावेत. पण मला खटकले ते निराळे. सहा वर्षांच्या मुलाला संख्या समजणे हा किती गुंतागुंतीचा प्रश्न आहे, याची त्या साऱ्या वादात जवळपास कोणी दखलच घेतली नाही. ‘आम्ही नाही का शिकलो?’ या एका वाक्यावर चर्चा संपली. शिकलेले बोलत होते. जे तिथेच अडले आणि शाळा सोडून गेले, ते बोलायला कुठून येणार?

जुन्या पंतोजींच्या शाळेत धुळाक्षरे, उजळणी, पावकी, निमकी, सवायकी, दिडकी यांची घोकंपट्टी होती. छडीही होती. तिचे गोडवे मी गाणार नाही. पण त्या पाढ्यांना बाजाराची पार्श्वभूमी होती. अडीच शेराचा हिशेब मुलगा दुकानात रोज ऐकत होता. आपण पाढे ठेवले आणि बाजार काढून टाकला. २०२५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांचे एक संशोधन आले. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत भाजी विकणारी मुले तोंडी हिशेब बिनचूक करत होती. तेच गणित शाळेच्या रीतीने कागदावर मांडले की अडत होती. शाळेत शिकणाऱ्या मुलांची गत नेमकी उलटी होती. दोन्ही ज्ञाने मुलांच्या जगात आहेत, त्यांची गाठ घालून द्यायचे काम शाळेचे आहे आणि ते होत नाही.

४१ वजा १३ चे उत्तर मूल ३२ लिहिते. त्याने प्रत्येक रकान्यात मोठ्यातून लहान अंक वजा केला. हे मूल गोंधळलेले नाही, ते एक नियम नेटाने पाळते आहे. नियम चुकीचा आहे. फुली मारणारा शिक्षक वेळ वाचवतो. ‘तुझ्याकडे दहाच्या चार नोटा आणि एक रुपया आहे, मला तेरा रुपये दे’ असे म्हणणारा शिक्षक त्या मुलाची वजाबाकी वाचवतो. दुसऱ्या शिक्षकाला गणितही यावे लागते आणि मूलही वाचता यावे लागते. म्हणून मी या वर्गाला अवघड म्हणतो.

काय उपयोगी पडते

१९९५ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेने वस्तीतल्या मुलींना ‘बालसखी’ म्हणून महापालिका शाळांत नेले. तिसरी-चौथीत मागे राहिलेल्या मुलांना त्या रोज दोन तास वेगळ्या बसवून शिकवत. मुंबई आणि वडोदरा येथे त्याचे काटेकोर मूल्यमापन झाले आणि मुलांची प्रगती स्पष्ट दिसली. पुढे बिहार, उत्तर प्रदेश, हरियाणा या राज्यांतल्या अनुभवातून एक महत्त्वाची गोष्ट कळली. नुसते प्रशिक्षण आणि साहित्य दिल्याने फारसे घडत नाही. रोजचा ठरलेला वेळ राखून, इयत्ता बाजूला ठेवून, मूल जिथे आहे तिथून शिकवले तर घडते. एका इयत्तेत बसलेली सगळी मुले एकाच पायरीवर असतात, हे गृहीतकच चूक आहे.

यात दोन सावधगिरीच्या सूचना करतो. पातळीनुसार केलेले गट महिन्या-दोन महिन्यांनी बदलले नाहीत, तर ‘ढ’ मुलांचा कायमचा बाक तयार होतो. दुसरे, ‘निपुण’च्या उद्दिष्टांत दुसरीअखेर मिनिटाला ४५ ते ६० शब्द अर्थासह वाचावेत असे म्हटले आहे. त्यातले ‘अर्थासह’ शाळेपर्यंत पोचता पोचता गळते आणि हातात घड्याळ उरते. शिवाय मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्यये शब्दालाच चिकटतात. ‘शाळेपासूनसुद्धा’ हा आपल्याकडे एक शब्द, हिंदीत तेच तीन-चार. मग शब्द मोजून वेगाची तुलना कशी करायची? वेग मोजा, पण गोष्ट वाचून झाल्यावर मुलाला तिच्याविषयी एक प्रश्नही विचारा.

आता शिक्षकांकडे वळतो

शाळेत वर्गवाटप कसे होते, हे आपण सारे जाणतो. शिष्यवृत्ती परीक्षेला बसणारा वर्ग हुशार, अनुभवी शिक्षकाकडे जातो. त्या वर्गाचा निकाल लागतो, फलक लागतो, सत्कार होतो. पहिली कोणाकडे? अनेक शाळांत ती नव्याने आलेल्याकडे, निवृत्तीला टेकलेल्याकडे, नाहीतर ‘बाईंना लहान मुलं जमतात’ म्हणून बाईंकडे. दोनशिक्षकी शाळेत तर पहिली-दुसरीला ‘पाटीवर गिरवा’ म्हणून सांगायचे आणि तिसरी-चौथीला शिकवायचे, हा रोजचा क्रम. त्यात मतदारयाद्या, पोषण आहाराच्या नोंदी, रोज मागितली जाणारी ऑनलाइन माहिती. तालुक्याला बोलावणे आले की सर्वांत आधी मोडतो तो पहिलीचा तास, कारण त्या वर्गाची तक्रार कोणी करत नाही. विद्या वरून खाली झिरपेल ही समजूत फुल्यांनी राज्याच्या तिजोरीबद्दल खोडली होती. ती आपण शाळेच्या चार खोल्यांत जिवंत ठेवली आहे.

ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांचे तर वर्षच दिवाळीच्या आसपास तुटते. कोयत्याबरोबर गेलेले मूल मार्च-एप्रिलमध्ये परतते. त्याच्यासाठी शिक्षण हमी कार्ड आहे आणि ते दाखवले की दुसऱ्या गावच्या शाळेने त्याला बसवून घ्यायचे असते. त्या कार्डावर मूल कितवीत आहे हे असते. ते कोणती अक्षरे वाचते, कुठपर्यंतच्या संख्या समजते, हे दोन ओळींत लिहून दिले, तर नव्या गावच्या शिक्षकाला पहिल्याच दिवशी कामाला लागता येईल. याला निधी लागत नाही.

म्हणून शेवटी काही मागण्या करतो. त्या शिक्षण विभागाकडे आहेत, तितक्याच आपल्याकडेही. शाळेतला सर्वांत कसलेला शिक्षक पहिलीला द्या आणि तो दुसरीअखेरपर्यंत त्याच मुलांबरोबर राहू द्या. सकाळचे पहिले दोन तास पहिली-दुसरीच्या शिक्षकाला कोणत्याही कामासाठी बोलावू नका. गोष्टींची पुस्तके कुलुपातल्या कपाटातून काढून मुलांच्या हाताला येतील अशी टांगा. फाटली तर फाटू द्या. केंद्रप्रमुखांनी भेटीच्या दिवशी कार्यालयातली दप्तरे तपासण्याआधी पहिलीत अर्धा तास बसावे. केंद्राच्या शिक्षण परिषदेत पहिलीचा एक तरी पाठ प्रत्यक्ष मुलांसमोर व्हावा आणि त्यावर बोलावे. ‘पहिले पाऊल’ अभियानातून २०२२ पासून गावोगाव मातांचे गट झाले आहेत. आपले मूल कोणत्या पायरीवर आहे हे त्यांना दर महिन्याला, त्यांना समजेल अशा भाषेत सांगावे. स्वतः न शिकलेली आईही मुलाला ‘वाचून दाखव’ म्हणू शकते आणि ते अडखळते की नाही, हे तिला ऐकू येते.

यांतली एकही गोष्ट नव्या कायद्याची वाट पाहत नाही. जूनमध्ये शाळा उघडतील. शाळा व्यवस्थापन समितीची पहिली बैठक होईल. रंगरंगोटी, गणवेश, डिजिटल फळा यांवर चर्चा होईल, ती व्हावी. आपल्यापैकी जे आपापल्या गावच्या समितीवर आहेत किंवा तिच्या बैठकीला जाऊ शकतात, त्यांनी त्या दिवशी मुख्याध्यापकांना एवढेच विचारावे, की यंदा पहिलीला कोण आहे आणि त्यांनाच का दिली. या प्रश्नाचे उत्तर देण्याची सवय शाळांना लागली, तर चौथीच्या निकालाची चिंता निराळी करावी लागणार नाही.